३.४ विशेष गरजा असणारी बालके आणि शाळेचे साहाय्य

प्रास्ताविक

बालकाचे नाव पटावर आले की त्याचे शिक्षण सुरू झाले, असा आपला समज असतो. परंतु फळ्यावरील अक्षर न दिसणारे किंवा शिक्षकांचे बोलणे नीट ऐकू न येणारे मूल वर्गात बसूनही शिक्षणाबाहेरच राहते. हे अंतर शाळा कसे कमी करू शकते, हे आपण पेण तालुक्याच्या संदर्भात पाहू.

कायद्याचा आधार

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र वा बहुविध अपंगत्व असणाऱ्या बालकांना गृहाधारित शिक्षणाचा पर्याय मिळाला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य झाले. त्यांत अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता यांचाही समावेश आहे. किमान ४० टक्के अपंगत्व प्रमाणित झालेल्या बालकाला वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत परिसरातील शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण घेण्याचा हक्क आहे. म्हणजेच साहाय्य ही शाळेने केलेली कृपा नसून तो बालकाचा अधिकार आहे.

गरज ओळखणे

साहाय्याची पहिली पायरी म्हणजे गरज अचूक ओळखणे. पेणच्या डोंगराळ भागातील वाड्यांत कातकरी व ठाकूर समाजाची वस्ती आहे. अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर कामाला जातात आणि मुलांची शाळा मध्येच तुटते. शिवाय घरची बोली पाठ्यपुस्तकातील मराठीहून वेगळी असते. अशा वाडीतील तिसरीचे मूल वाचू शकत नसेल, तर कारण दृष्टिदोष, श्रवणदोष, अध्ययन अक्षमता, गैरहजेरी वा बोलीतील अंतर यांपैकी कोणतेही असू शकते. तपासणीविना त्याला ‘मंद’ ठरवले, तर चष्म्याने सुटणारा प्रश्न आयुष्यभराचा होतो. उलट, खरी अक्षमता ‘आळस’ मानली गेली, तर मूल साहाय्याला मुकते. म्हणून शिक्षकाचे निरीक्षण, पालकांशी संवाद आणि वैद्यकीय तपासणी या तिन्ही गोष्टी आवश्यक ठरतात.

वर्गातील साहाय्य

समग्र शिक्षा योजनेअंतर्गत विशेष शिक्षक शाळांना भेटी देतात. मात्र रोजचे काम वर्गशिक्षकाचेच असते. मुलाला पुढच्या बाकावर बसवणे, सूचना लहान वाक्यांत देणे, लेखी उत्तराऐवजी तोंडी उत्तर स्वीकारणे हे बदल खर्चाचे नाहीत. गणेशमूर्तींच्या या गावात माती मुलांच्या ओळखीची आहे. मातीची अक्षरे घडवून बोटांनी गिरवली, तर वाचनात अडखळणाऱ्या मुलाला अक्षराचा आकार स्पर्शाने उमगतो. पुढे शालान्त परीक्षेत लेखनिक व वाढीव वेळ या सवलती मिळतात. त्यासाठी प्रमाणपत्र मात्र वेळेत काढावे लागते.

काही बालकांना अधिक सखोल प्रशिक्षणाची गरज असते. पेण येथे सुहित जीवन ट्रस्टसारखी संस्था बौद्धिक अक्षमता असणाऱ्या मुलांसाठी विशेष शाळा चालवते. विशेष शाळा आणि सर्वसाधारण शाळा या परस्परपूरक व्यवस्था आहेत, हे लक्षात घ्यावे.

समारोप

गरज ओळखणे, अध्यापनात बदल करणे आणि पालकांना सोबत घेणे ही साहाय्याची त्रिसूत्री होय. यांतील एकही दुवा निखळला, तर हक्क कागदावरच राहतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. बोलीतील अंतर आणि अध्ययन अक्षमता यांची गल्लत झाल्यास कोणते परिणाम संभवतात?
२. आपल्या परिसरातील एका शाळेला भेट देऊन तेथील साहाय्याविषयी टिपण लिहा.