आक्काची पहिली जून

आमच्या तासगावात बेदाण्याचे सौदे निघतात तेव्हा पेटीतला माल कुणाचा, वजन किती, प्रत कोणती, हे सारे चोख लिहिलेले असते. त्यात गफलत झाली तर व्यापारी माल परत करील, हे प्रत्येकाला ठाऊक असते. माणसाच्या कागदांच्या बाबतीत मात्र आपण इतके दक्ष नसतो. माणूसही सीमेवरून परत पाठवला जातो, हे मला वयाच्या साठीनंतर, माझ्या थोरल्या बहिणीबरोबर परदेशी गेलो तेव्हा कळले.

आक्काची लेक परदेशी असते. तिचे दिवस भरत आले होते. घरात दुसरे बाईमाणूस नाही, म्हणून आक्काने जायचे ठरले आणि तिला एकटीला कसे पाठवायचे, म्हणून सोबतीला मी. पासपोर्ट झाले, व्हिसा मिळाला. आता काळजी नाही, असे समजून आम्ही गणपतीला नारळ फोडला आणि निघालो.

व्हिसा म्हणजे दाराशी जाऊन कडी वाजवण्याची परवानगी. दार उघडायचे की नाही, हे आत उभा असलेला अधिकारी ठरवतो. ही गोष्ट आम्हांला विमानातून उतरल्यावर समजली.

अधिकारी तरुण होता, उद्धट मुळीच नव्हता. फोनवर त्याने दुभाषा घेतला आणि आक्काला विचारले, “आपण कशासाठी आलात?”

“लेकीच्या बाळंतपणाला. तिचं सगळं करायला.”

आपल्या भाषेत या वाक्यात माया आहे. त्याच्या भाषेत जाताना तिचे काम झाले. पाहुणा म्हणून आलेल्याने काम करायचे नाही, असा बहुतेक देशांचा नियम. ही बाई घरकामाला आणली आहे की काय, असा त्याला संशय आला.

“आपली जन्मतारीख?”

“नागपंचमीच्या आदल्या दिवशी,” आक्का म्हणाली. पासपोर्टवर होती १ जून. त्याने माझा पासपोर्ट पाहिला. त्यावरही १ जून! भावंडे दोन, साले निराळी, तारीख एकच. आता त्याचा संशय पक्का झाला.

त्याला कसे सांगावे, की आमच्या पिढीत निम्म्या वर्गाचा वाढदिवस १ जूनला येई? पोराला शाळेत घालायला नेले, की बापाला तारीख आठवत नसे. शाळा जूनमध्ये सुरू होत, म्हणून गुरुजी सहा वर्षे मागे मोजून पहिली जून लिहून टाकीत. जन्ममृत्यूच्या नोंदणीचा देशभर एकच कायदा झाला तो १९६९ साली. तोवर आम्ही दोघे पाटी-दप्तर घेऊन शाळेत बसलो होतो.

शेवटची अडचण सर्वांत मोठी. भाचीच्या जन्मदाखल्यात आईचे नाव वेगळे होते. पहिले बाळंतपण माहेरी झाले आणि आमच्या वडिलांनी दवाखान्यात आपल्या लेकीचे माहेरचे नाव सांगितले. लग्नात बदललेले नाव त्यांच्या तोंडी कधी बसलेच नाही. पासपोर्टवर मात्र ते सासरचे नाव. मग ही बाई त्या मुलीची आई, याला पुरावा काय?

आम्हांला आतल्या खोलीत बसवले. बाहेर पोट सावरीत भाची उभी होती, आणि आत आक्का मला हळूच विचारत होती, “मी काय खोटं बोलले का रे?” त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

बसल्या बसल्या मला १८८३ साल आठवले. त्या वर्षी आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला गेल्या, तेव्हा त्यांना व्हिसा लागला नव्हता. पहिल्या महायुद्धात देशोदेशींनी दारे लावून घेतली, आणि युद्ध संपल्यावरही ती पूर्वीसारखी उघडली नाहीत. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे यांनी मेक्सिकोत शेतीशास्त्रात नाव कमावले. पण देश स्वतंत्र झाल्यावरही इंग्रजांच्या काळातल्या बंदीपायी त्यांना मायदेशी येताना अडथळा आला. अखेर १९४९ साली ते येऊ शकले. राज्य गेले तरी कागद राहतो!

१९६७ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की परदेशी जाणे हा नागरिकाच्या व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, सरकारच्या मर्जीवर पासपोर्ट अडवून चालणार नाही. त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा झाला. परंतु हा हक्क आपल्या घराबाहेर पडण्याचा आहे. दुसऱ्याच्या घरात शिरण्याचा हक्क कोणतेही न्यायालय आपल्याला देऊ शकत नाही.

सुटका झाली ती एका वकिलामुळे. निघण्यापूर्वी गावातल्या वकिलांनी ‘ही दोन्ही नावे एकाच बाईची’ असे इंग्रजी प्रतिज्ञापत्र आग्रहाने करायला लावले होते. मी त्यांना हसलो होतो आणि तो कागद आक्काच्या मोठ्या ट्रंकेत, चटणीच्या डब्याखाली घातला होता. ती ट्रंक बाहेर पट्ट्यावर फिरत होती! अखेर ती आणवली, भाचीलाही फोनवर प्रश्न विचारले, आणि दोन्हीकडची हकीकत जुळली.

पण शिक्का मिळाला तो तीसच दिवसांचा. व्हिसाची मुदत लांब असली, तरी प्रत्यक्ष राहायचे किती ते दारावरचा शिक्का ठरवतो, हा त्या दिवशीचा दुसरा धडा. नवव्या दिवशी नातू झाला. बारसे झाले. सव्वा महिना काही आक्काच्या हातून पुरा झाला नाही. वीस दिवसांचे बाळ आणि ओली बाळंतीण सोडून ती माझ्याबरोबर परत फिरली. विमानात ती खिडकीकडे तोंड करून बसली होती, आणि मीही तिला काही विचारले नाही.

वाचकहो, त्या अधिकाऱ्याला मी दोष देत नाही. त्याच्यापुढे आक्का नव्हती, आक्काचे कागद होते, आणि ते एकमेकांशी भांडत होते. म्हणून आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांना पाठवायचे असेल, तर आधी नावे जुळवून घ्या. लग्नाचा दाखला, नावाचे प्रतिज्ञापत्र, परतीचे तिकीट हातातल्या पिशवीत ठेवा. वाटेत विमान बदलायचे असेल, तर त्या देशाची वेगळी परवानगी लागते का, ते विचारा. कागदावरची तारीख पाठ करून घ्या. आणि कशाला आलात, असे विचारले, तर खरे तेच, पण सरळ सांगा, “लेकीला भेटायला आणि नातवंड बघायला.”

परत आल्यावर आक्काने भाचीला पहिला फोन केला. बाळ कसे आहे, दूध पिते का, हे विचारून झाल्यावर ती म्हणाली, “त्याच्या दाखल्यावर तुझं नाव नीट घातलंयस ना? एकदा वाचून दाखव बघू मला.”