फुंकणीचं यंत्र आणि फुप्फुसातल्या पाटचाऱ्या

"काका, ओठ घट्ट. आता पूर्ण श्वास आत घ्या... आणि फुंका! जोरात, जोरात, अजून, अजून, सोडू नका, अजून!"

छातीच्या दवाखान्याबाहेर बाकावर बसलेल्या कुणालाही हा आरडाओरडा ओळखीचा असेल. आत भांडण चाललंय की काय, असं नव्या माणसाला वाटतं. रिपोर्टवर या तपासणीचं नाव पीएफटी असतं, पण पेशंट तिला 'फुंकण्याची टेस्ट' म्हणतात, आणि तेच नाव जास्त बरोबर आहे. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी आणि सहा सेकंद जिवाच्या आकांताने फुंकणं, एवढाच सगळा कारभार. रक्त काढायचं नाही, सुई टोचायची नाही. म्हणूनच बहुधा या यंत्राला कुणी फारसा मान देत नाही. छातीचा फोटो घरी जपून ठेवला जातो, फुंकण्याचा कागद मात्र रद्दीत जातो.

यंत्राचं नाव स्पायरोमीटर. ते जॉन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरचं. १८४६ साली त्याने आपला मोठा निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच्या टिपणवहीत २,१३० माणसांचे श्वास मोजून झाले होते. त्यांत खलाशी होते, पोलीस होते, पैलवान होते, राक्षसी उंचीची आणि अगदी ठेंगणी माणसंही होती. पाण्यात पालथं घातलेलं एक भांडं, त्याला दोरीने जोडलेली वजनं. माणसाने फुंकलं की भांडं वर उचललं जायचं. उंची एक इंचाने वाढली की श्वास सुमारे आठ घनइंचांनी वाढतो, हे त्याने मांडलं. छातीत भरता येणाऱ्या हवेला 'प्राणक्षमता' म्हणावं, हीही त्याचीच कल्पना. ज्याचा श्वास तोकडा त्याचं आयुष्यही तोकडं, असा त्याचा कयास. आयुर्विमा कंपन्यांना त्यात रस वाटला तर नवल नाही. पुढे हा गृहस्थ सगळं सोडून ऑस्ट्रेलियाला गेला आणि १८६१ साली फिजी बेटांवर वारला.

पण हचिन्सनचं यंत्र हवा किती, एवढंच सांगायचं. ती किती वेगाने बाहेर पडते, हा प्रश्न विचारायला आणखी शंभर वर्षं जावी लागली. १९४७ साली पॅरिसमध्ये रॉबर्ट टिफनो आणि आंद्रे पिनेली यांनी श्वासाला घड्याळ लावलं. पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर पडली? निरोगी माणूस भरलेल्या हवेचा साधारण पाऊण हिस्सा त्या एका सेकंदात सोडून देतो. नळ्या अरुंद झाल्या असतील तर तो अडखळतो. आजच्या रिपोर्टवरचा सगळ्यात महत्त्वाचा आकडा तोच.

इथवर सगळं छान. अडचण पुढे आहे.

फुप्फुसातल्या नळ्या झाडाच्या फांद्यांसारख्या फुटत जातात, जवळजवळ तेवीस वेळा. दोन मिलिमीटरपेक्षा बारीक नळ्या म्हणजे सूक्ष्म श्वासनलिका. एकेकटी नळी चिमुकली, पण त्यांची संख्या इतकी प्रचंड की सगळ्यांची तोंडं एकत्र धरली तर हवेला तिथे मोकळं मैदानच मिळतं. धरणाचा कालवा डोळ्यांपुढे आणा. मुख्य कालव्यात दरड कोसळली तर शाखा अभियंत्याला तासाभरात कळतं. शेतातल्या शंभर पाटचाऱ्यांपैकी तीस गाळाने बुजल्या, तरी विमोचकावरच्या मापपट्टीला त्याचा पत्ता नसतो. १९६८ साली हॉग, मॅकलेम आणि थर्लबेक यांनी दाखवून दिलं की दीर्घकाळच्या श्वासरोगात खरा अडथळा याच बारीक नळ्यांत असतो. जेरी मीड यांनी १९७० मध्ये या भागाला फुप्फुसाचा 'मूक प्रदेश' म्हटलं. तिथे बरंच काही उद्ध्वस्त झाल्याशिवाय तो बोलत नाही.

ब्राँकिओलायटिस ऑब्लिटरन्स हा दुर्मिळ रोग नेमका त्या मूक प्रदेशातला. लांगे या जर्मन संशोधकाने १९०१ मध्ये त्याचं वर्णन केलं. बारीक नळीच्या आतल्या अस्तराला इजा होते, मग भरून येताना व्रण आतल्या बाजूला वाढतो आणि नळी कायमची बुजते. कोरडा खोकला, जिना चढताना धाप. ऐकणाऱ्याला वाटतं दमा. पण दम्यात पंप मारून पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावलं तर आकडा बहुधा वर चढतो. इथे तो जागचा हलत नाही. छातीचा फोटो अनेकदा चक्क स्वच्छ येतो. सीटी स्कॅनही श्वास सोडलेल्या अवस्थेत काढला, तरच हवा अडकलेले काळे ठिपके दिसतात. तुकडा काढून तपासावा, तर रोग विखुरलेला. सुई नेमकी निरोगी जागी जायची. म्हणून निदानाचा बराचसा भार त्या फुंकणीवरच येतो.

मे २०००मध्ये अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात एका डॉक्टरने आरोग्य खात्याला कळवलं की जॅस्पर गावच्या एका कारखान्यात पूर्वी काम केलेल्या आठ जणांना हाच आजार दिसतोय. कारखाना मायक्रोवेव्हमध्ये फुलवायच्या मक्याच्या लाह्यांचा. आठांपैकी चौघं फुप्फुस बदलण्याच्या यादीत होते. कॅथलीन क्राइस आणि त्यांचे सरकारी सहकारी स्पायरोमीटर घेऊन कारखान्यात पोचले, ११७ कामगारांना गाठलं. श्वास अडलेल्यांचं प्रमाण अपेक्षेच्या ३.३ पट निघालं. खरा धक्का पुढे होता: ज्यांनी जन्मात सिगारेट ओढली नव्हती, त्यांच्यात ते १०.८ पट होतं. दोषी ठरली लोण्याचा वास देणारी रसायनं, त्यांत मुख्य डायअॅसिटिल. आपल्या घरच्या लोण्यातही ते असतं आणि खाल्ल्याने काही होत नाही; गरम तेलाच्या टाकीवर वाकून त्याची वाफ रोज छातीत घेणं ही निराळी गोष्ट. काम सोडल्यावर बहुतेकांची घसरण थांबली, पण गेलेला श्वास परतला नाही. कारखान्यांनी डायअॅसिटिल काढून त्याचा भाऊबंद, पेंटेनडायोन, वापरायला घेतला, तर तोही उंदरांच्या श्वासनळ्यांना तसाच घातक निघाला. हा शहाणपणा नेहमीचाच.

वाट एकच नाही. तैवानमध्ये १९९०च्या दशकात वजन उतरवण्यासाठी एका पालेभाजीचा कच्चा रस पिणाऱ्या बायकांना हा रोग जडला. तीच भाजी केरळात चेकुरमणिस म्हणून शिजवून खातात. मुलांना अॅडिनो विषाणूच्या न्यूमोनियानंतर होतो. बोनमॅरो बदललेल्यांना होतो. फुप्फुस बदललेल्यांपैकी तर पाच वर्षांत जवळजवळ निम्म्यांना नव्या फुप्फुसातही असाच अडथळा गाठतो.

आपल्याकडची वाट भोपाळची. १९८४च्या डिसेंबरातल्या वायुगळतीच्या त्या रात्रीनंतर मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅसबाधितांची फुप्फुसं तपासली आणि १९८५ मध्ये सुरुवातीची निरीक्षणं छापली. याच कामतांनी त्याआधी, १९७०च्या दशकात, भारतीय माणसाचा श्वास किती असायला हवा याची कोष्टकं बसवली होती. ते काम कंटाळवाणं वाटेल, पण गोऱ्यांच्या कोष्टकाला आपली छाती लावली की धडधाकट माणूसही आजारी दिसतो. दहा वर्षांनी भोपाळमधल्या ४५४ प्रौढांची पाहणी झाली, तेव्हा सूक्ष्म श्वासनलिकांतला अडथळा तसाच टिकून होता.

औषधाने बुजलेली नळी उघडत नाही. स्टिरॉइड, अॅझिथ्रोमायसिन, माँटेलुकास्ट यांनी जमलं तर घसरण रोखायची, एवढंच हाती असतं; शेवटचा उपाय फुप्फुस बदलणं. म्हणजे रोग कधी सापडला, यावर सगळा खेळ. आणि इथे या यंत्राची खरी किंमत कळते. त्याचा एकटा आकडा फारसं बोलत नाही. शंभर टक्क्यांवरून ऐंशीवर आलेला माणूस कागदावर 'नॉर्मल'च असतो, कारण ऐंशी हीच नॉर्मलची नेहमीची वेस. पण त्याचा पाचवा हिस्सा श्वास गेलेला असतो. फुप्फुस बदललेल्यांच्या बाबतीत डॉक्टर नेमकी हीच खूण धरतात: पेशंटच्याच सर्वोत्तम आकड्यापासून वीस टक्के घट. शेजाऱ्याशी नाही, पुस्तकाशी नाही, स्वतःच्या कालच्या श्वासाशी तुलना.

यंत्रात खोट आहेच. पेशंटने मनापासून फुंकलं नाही तर आकडा खोटा. लहान मुलांना ते जमतच नाही. त्यांच्यासाठी साध्या श्वासावर हवेच्या लहरी सोडून मोजणारी ऑसिलोमेट्री आहे. तिची कल्पना १९५६ची, दवाखान्यांत मात्र ती आत्ता आत्ता दिसू लागली. आणि आपल्याकडची सर्वांत मोठी खोट यंत्रात नाहीच. वर्षानुवर्षं पंप ओढणारी, पण आयुष्यात एकदाही न फुंकलेली माणसं प्रत्येकाच्या ओळखीत निघतील.

तुम्ही रंगाच्या, वासांच्या, रसायनांच्या कारखान्यात कामाला असाल, तर धाप लागायची वाट न पाहता आजच एकदा फुंकून घ्या. आणि तो कागद रद्दीत टाकू नका. त्यावर तारीख लिहा, आधारकार्डाच्या फाइलीत ठेवा, आणि पुढच्या वेळी फुंकायला जाताना सोबत न्या.