वारंवार गर्भपात? दोष पपईचा नाही, कारण रक्तात असू शकतं

पहिला गर्भपात झाला की घरचे म्हणतात, "होतं असं." दुसऱ्यांदा झाला की चौकशी सुरू होते. पपई खाल्लीस का? जड उचललंस का? तिसऱ्या वेळी सगळ्यांचं बोट थेट सुनेकडे. पण काही जणींच्या बाबतीत खरं कारण रक्ततपासणीत सापडतं. त्याचं नाव अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, म्हणजेच एपीएस.

हे नेमकं काय असतं?

जंतूंशी लढायला आपलं शरीर अँटिबॉडीज तयार करतं. एपीएसमध्ये काही अँटिबॉडीज आपल्याच शरीरावर उलटतात आणि रक्तात नको तिथे गुठळ्या होऊ लागतात. गुठळी पायात झाली तर पाय सुजतो, फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं, मेंदूत अडकली तर पक्षाघात होतो. लंडनचे डॉक्टर ग्रॅहम ह्यूज यांनी १९८३ मध्ये या आजाराचं वर्णन केलं.

मग बाळाला धोका कसा?

बाळाला ऑक्सिजन आणि पोषण वारेतून मिळतं. या अँटिबॉडीज वारेची वाढ बिघडवतात, तिथे दाह निर्माण करतात, गुठळ्याही होऊ शकतात. बाळाचा पुरवठा तुटतो.

तपासणी कधी करायची?

एखादा गर्भपात बऱ्याच जणींचा होतो, लगेच घाबरू नका. पण दहा आठवड्यांच्या आत सलग तीन गर्भपात झाले असतील, किंवा त्यानंतर नीट वाढणारं बाळ एकदा जरी दगावलं असेल, तर डॉक्टरांना एपीएसबद्दल जरूर विचारा. यात तीन अँटिबॉडी तपासण्या असतात. त्या किमान १२ आठवड्यांनी पुन्हा कराव्या लागतात, कारण साध्या संसर्गानंतरही या अँटिबॉडीज काही काळ दिसतात.

एक महत्त्वाची गोष्ट. गरोदरपणात सिफिलिससाठी व्हीडीआरएल तपासणी होते. एपीएस असेल तर सिफिलिस नसतानाही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. त्यामुळे एकमेकांवर संशय घेण्याआधी खात्रीची पुढची तपासणी करा.

उपचार आहे का?

आहे. कमी डोसची ॲस्पिरिन आणि हेपारिनची इंजेक्शनं. हेपारिन वार ओलांडून बाळापर्यंत जात नाही. १९९७ मध्ये ब्रिटनमधल्या ९० महिलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फक्त ॲस्पिरिन घेणाऱ्यांपैकी ४२ टक्के महिलांना जिवंत बाळ झालं, दोन्ही औषधं घेणाऱ्यांमध्ये हेच प्रमाण ७१ टक्के होतं.

ही औषधं मनाने सुरू करू नका, रक्तस्रावाचा धोका असतो. गुठळीसाठी वॉरफरिन सुरू असेल तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोला, त्याने गर्भाला इजा होऊ शकते. बाळंतपणानंतरही काही आठवडे गुठळीचा धोका जास्त असतो, त्यामुळे इंजेक्शनं कधी थांबवायची हे डॉक्टरच ठरवतील.

तुमच्या ओळखीत कुणी हे सोसत असेल, तर "काय खाल्लंस?" असं विचारू नका. "ही तपासणी झाली का?" एवढंच विचारा.