नाण्यावरची देवता: अथेन्सपासून तेरपर्यंत

मंडळी, तुळजापुरात बसून ग्रीक नाण्यांबद्दल बोलायचं म्हणजे जरा लांबचं वाटेल. पण आजचा प्रश्न साधा आहे. नाण्यावर देवतेचं चिन्ह कशासाठी?

अथेन्सचं इ.स.पू. ५व्या शतकातलं चांदीचं नाणं घ्या. वजन साधारण १७ ग्रॅम. एका बाजूला नगराची रक्षणकर्ती देवी अथेना, दुसऱ्या बाजूला तिचं घुबड. आपल्याकडे घरावर घुबड बसलं की माणसं धास्तावतात. तिथे तेच घुबड पाहून व्यापारी निर्धास्त होत. कॉरिंथच्या नाण्यावर पंखांचा घोडा पेगासस, इफेससच्या नाण्यावर आर्टेमिस देवीची मधमाशी. अक्षरओळख नसलेल्यालाही नगर कळे. देवता ही जणू नगराची सही होती. चांदी खरी, वजन पुरं, याची हमी.

आता आपल्याकडे या. आपल्याच जिल्ह्यातलं तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचं नाव येतं. तगरचं कापड गाड्यांतून भडोच बंदरात जाई. आणि त्याच ग्रंथात म्हटलंय, की मिनँडर या ग्रीक राजाची जुनी नाणी भडोचला अजून चालतात. त्याच्या कित्येक नाण्यांवर कोण आहे? वज्र उगारलेली अथेना!

पुढे क्षत्रप नहपानाने चांदीच्या नाण्यांवर एका बाजूला आपला चेहरा आणि ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र घातलं. हे वज्र पाहून ग्रीकाला झ्यूस आठवेल, आपल्या माणसाला इंद्र.

१९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपानाच्या १३ हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता: कमानींची टेकडी आणि चार वर्तुळांचं उज्जैन चिन्ह. बघा, चांदी तीच राहिली, चिन्ह तेवढं बदललं. काही नाण्यांवर नव्या ठशाखालून नहपानाचा चेहरा अजून डोकावतो.

म्हणजे धातूची किंमत तराजू सांगतो, पण हमी कोणाची हे चिन्ह सांगतं. आणि त्या चिन्हाला अर्थ देतो तो मानणारा समाज. तो समाज गेला, की अथेनाचं घुबड नुसतं घुबड उरतं. तेरच्या संग्रहालयात जाल, तेव्हा प्रत्येक चिन्हापाशी थांबून एवढंच विचारा: यावर भरवसा ठेवणारा माणूस कोण होता?