एका कार्यक्रमाच्या देणगीवर मुलींची शाळा चालते का?

दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबं ऊसतोडीला जातात. मागे राहिलेल्या मुलीची शाळा टिकायची, तर राहण्या-जेवणाची सोय लागते. निधीसाठी मैफल किंवा स्नेहभोजन ठेवलं, तर एखादी इमारत उभी राहील. पण पगार, किराणा, वीजबिल? हा खर्च दरवर्षी येतो.

पंडिता रमाबाईंनी हे गणित फार आधी सोडवलं होतं. १८८६ मध्ये त्या अमेरिकेत गेल्या. व्याख्यानं दिली, पुस्तक विकलं. टाळ्या आणि एकरकमी देणग्यांवर मात्र त्या थांबल्या नाहीत. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला 'रमाबाई असोसिएशन' स्थापन झाली. तिच्या मंडळांतल्या सभासदांनी दहा वर्षं, दरवर्षी किमान एक डॉलर द्यायचं कबूल केलं. या भरवशावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पुढच्याच वर्षी ते पुण्याला हललं.

पैसा परदेशी, मुली इथल्या. त्यामुळे संशय आलाच. १८९३ मध्ये धर्मांतराचा वाद पेटला, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. तरी सदन टिकलं, कारण वर्गणी चालू होती. गेलेला विश्वास मात्र डॉलरनं परत येत नव्हता.

त्याच वर्षी सदनाच्या विद्यार्थिनी गोदूबाईंशी धोंडो केशव कर्वे यांचा पुनर्विवाह झाला. कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेनं पुढे वेगळी वाट धरली: भाऊबीजेची ओवाळणी म्हणून घरोघरी छोटी देणगी मागायची. दरवर्षी.