डिजिटल झालं, म्हणून टीव्ही बदलू नका

‘आता सगळं डिजिटल झालंय, हा टीव्ही चालायचा नाही, नवाच घ्या.’ टीव्हीच्या दुकानांत हे वाक्य मी आजही ऐकतो. मुंबईत 2012 साली केबल डिजिटल झाली, पुढच्या वर्षी पुणे, नाशिक, नागपूरची पाळी आली, तेव्हा ते घरोघर पोचलं. दूरदर्शनचे मनोरे बंद होत गेले तसं ते खेड्यांतही गेलं. हे साफ खोटं आहे. त्यापायी पेन्शनवर जगणारी माणसं चालता टीव्ही भंगारात देऊन नव्याचे हप्ते फेडतात, म्हणून चीड येते.

बदललं काय ते पाहू. अ‍ॅनालॉग प्रक्षेपणात चित्रातल्या उजेड-अंधाराप्रमाणे सिग्नल सतत कमीजास्त होत असतो. वाटेत त्यात काही मिसळलं की तेही पडद्यावर उतरतं: मुंग्या येतात, माणसामागे त्याचीच सावली दिसते. डिजिटलमध्ये चित्राचे आकडे करून, ते दाबून पाठवतात. त्यामुळे एका वाहिनीच्या जागेत अनेक वाहिन्या मावतात आणि वाटेतल्या बऱ्याचशा चुका दुरुस्त करता येतात. हा सगळा बदल सिग्नल घरापर्यंत येतो त्या वाटेवरचा आहे. त्या आकड्यांचं पुन्हा चित्र करून देतो तो सेट टॉप बॉक्स, आणि ते चित्र दाखवायला तुमचा जुना, मोठ्या पाठीचा टीव्हीही पुरतो.

बॉक्सच्या पिवळ्या, पांढऱ्या, लाल पिना टीव्हीच्या मागे त्याच रंगांच्या सॉकेटांत बसतात. पिवळी चित्राची, बाकी दोन आवाजाच्या. आवाजाचं एकच सॉकेट असेल तर पांढरी लावा. टीव्हीला फक्त अँटेनाची पिन असेल तर बॉक्सलाच तसा जोड आहे का ते बघा. नसेल तर मधे लावायला मॉड्युलेटर नावाची डबी मिळते. जोडणी झाल्यावर रिमोटवर ‘एव्ही’ दाबायचं. अनेक टीव्ही केवळ हे बटण न दाबल्यामुळे ‘बाद’ ठरले आहेत.

कायद्याची भीती घालणाऱ्यांसाठी सांगतो. केबल टेलिव्हिजन नेटवर्क कायद्यात 2011 साली जी दुरुस्ती झाली, तिने बंधन घातलं ते केबलचालकावर: वाहिन्या डिजिटल आणि कुलूपबंद स्वरूपात द्यायच्या. घरातला टीव्ही कोणता असावा, याबद्दल तिने काही अट घातली नाही. अमेरिकेत 12 जून 2009 ला मोठ्या केंद्रांचं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण थांबलं. तिथल्या सरकारने त्यासाठी अर्ज करणाऱ्या घरांना 40 डॉलरची दोनपर्यंत कूपनं दिली, तीही कन्व्हर्टर बॉक्ससाठी. जुने टीव्ही चालणार नसते तर ही कूपनं कशाला काढली असती?

शिवाय नवा एलईडी घेतला म्हणून बॉक्स सुटत नाही. केबल आणि रिचार्जवाल्या डिशच्या वाहिन्या कुलूपबंद येतात आणि त्यांची किल्ली आपल्याकडे सहसा बॉक्समध्येच असते. दुकानदार नवा टीव्ही विकतो, आणि केबलवाला बॉक्स लावतो तो लावतोच. खरा वाढीव खर्च निराळाच आहे. पूर्वी एक वायर फाडून बैठकीत आणि स्वयंपाकघरात दोन टीव्हींवर वेगवेगळ्या वाहिन्या बघता यायच्या. आता त्यासाठी दोन बॉक्स लागतात.

भंगारात दिलेल्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसं असतं, हेही विसरू नये.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. डिजिटल म्हणजे एचडी नव्हे. साधं, कमी तपशिलाचं चित्रही डिजिटल असतं. बॉक्सवर नुसत्या वाहिन्या बघायला इंटरनेट लागत नाही. कोकणातल्या पावसात डिशचं चित्र चौकोनांत फुटतं, कारण घरगुती डिशच्या लहरी पावसाच्या धारांत शोषल्या जातात; तारेने येणाऱ्या केबलचा घरापर्यंतचा सिग्नलही डिजिटलच असतो, पण त्याच्या वाटेत पाऊस येत नाही.

‘दूरदर्शन बंद झालं’ ही अफवा मात्र एका ओळीत संपवण्यासारखी नाही. बंद झाले ते जमिनीवरचे अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर. प्रसार भारतीने ऑक्टोबर 2021 मध्येच खुलासा केला होता की सुमारे 70 टक्के ट्रान्समीटर बंद झाले आहेत, मोक्याच्या ठिकाणचे सुमारे 50 सोडून उरलेले 31 मार्च 2022 पर्यंत बंद होतील, आणि दूरदर्शन केंद्रांचं कार्यक्रम करण्याचं काम चालू राहील. ज्यांच्या छपरावरच्या अँटेनाला चित्र येईनासं झालं, त्यांचा टीव्ही बिघडलेला नव्हता. त्यांना कोणी हे वेळेवर सांगितलं नाही, ही मोठी चूक झाली.

त्या घरांसाठी सरळ पर्याय दूरदर्शनच्या फ्री डिशचा आहे. ही सेवा 2004 च्या डिसेंबरात सुरू झाली, सह्याद्री तिच्यावर दिसतं, आणि जुना टीव्ही चालतो. बॉक्स घेताना एमपीईजी-4 चा मागा, कारण तिच्यावरच्या काही वाहिन्या साध्या बॉक्सवर येत नाहीत. डिश आणि बॉक्सचा खर्च एकदाच. फ्री डिशला महिन्याचं रिचार्ज नसतं. कोणी मागितलं तर देऊ नका.