दुपारच्या उजेडातला टीव्ही

टीव्ही घ्यायला घरातली मंडळी निघतात ती बहुतेक वेळा संध्याकाळी. ऑफिस, दुकान, शेत आटोपून, चहा घेऊन. दुकानाच्या आतल्या भागात उन्हाचा कवडसाही पोचत नाही आणि तिथे भिंतभर टांगलेल्या टीव्हींवर निळेशार समुद्र नि लालभडक फुलं झगमगत असतात. 'मॅच काय मस्त दिसेल!' असं म्हणत पसंती तिथेच होते आणि खोकं घरी येतं.

पण मैत्रिणींनो, तो टीव्ही दिवसा बघणार कोण? दुपारी जेवणं झाली, ओटा पुसला, की दोन ते चार हा काय तो आपला वेळ. मालिकेचा राहिलेला भाग तेव्हाच बघायचा, तोही लसूण सोलत, मेथी निवडत. आणि हीच वेळ आमच्या पाचोऱ्यात लख्ख उजेडाची. मे महिन्यातल्या झळा सोडल्या तर पुढचं दार उघडंच असतं. शेजारीण कधीही डोकावते. माघ-फाल्गुनात अंगणात बिबडे वाळत घातलेले असले, की त्यांच्यावर डोळा ठेवायला दार उघडं लागतंच. म्हणजे ज्या उजेडात टीव्ही सर्वांत वाईट दिसतो, त्याच उजेडात बाई तो बघते. आणि खरेदीच्या वेळी तिला विचारतात काय, तर 'शोकेसवर रंग कोणता चांगला दिसेल?'

२०२५ च्या दिवाळीत आमच्याकडे मोठा टीव्ही घ्यायचं ठरलं. निमित्त होतं जीएसटीचं. ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवर २८ टक्के कर होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. त्यात माझी भिशी लागलेली. मुलाचं म्हणणं, ६५ इंचीच घेऊ. ह्यांचं म्हणणं, मुलगा म्हणतो ते घेऊ. मी म्हटलं, भिशी माझी आहे, तर आधी दुपारी तीन वाजता हॉलमध्ये बसून बघू या, मग दुकानात जाऊ.

आमचा हॉल नवा, दोन मोठ्या खिडक्या आणि समोर रुंद दार. जुन्या घरी असा प्रश्नच नव्हता. धाब्याचं घर, जाड मातीच्या भिंती, खिडकी म्हणजे हातभर झरोका. भर दुपारी आत संध्याकाळ! शिवाय तेव्हाचा टीव्ही असायचा कोपऱ्यात. १९८७ साली 'रामायण' सुरू झालं तेव्हा गल्लीतल्या ज्या घरी टीव्ही होता, तिथे तो सरकत्या दाराच्या लाकडी पेटीत, कोपऱ्यात तिरपा ठेवलेला असे. त्याला पाठीमागे एवढं मोठं पोट होतं, की कोपऱ्याशिवाय तो मावायचाच नाही. त्यामुळे आपसूकच दाराचा उजेड त्याच्यावर सरळ पडत नसे. आताचा टीव्ही पाटीसारखा सपाट. तो आपण लावतो कुठे? दारातून येणाऱ्याला पहिल्यांदा दिसावा म्हणून बरोबर दारासमोरच्या भिंतीवर. झालं! सगळा रस्ता त्यात दिसायला लागतो.

माझी भाची न्यूजर्सीला असते. फोनवर सहज विषय निघाला तर म्हणाली, 'मावशी, आमचंही हेच चाललंय, आम्हाला तळघरात मोठा टीव्ही लावायचाय.' मला आधी हसूच आलं. तळघर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतं वाड्यातलं धान्याचं, दिवसा कंदील घेऊन उतरायचं. तिच्याकडे तळघर मागच्या अंगणात उघडतं, त्या बाजूला अख्खी काचेची दारं, आणि दुपारी तिथे ऊनच ऊन. घर पाचोऱ्यात असो नाही तर अमेरिकेत, भांडण उजेडाशीच.

हे भांडण नीट समजून घेतलं की निम्मी खरेदी सोपी होते. टीव्ही उजेड तयार करू शकतो, अंधार नाही. काळा रंग म्हणजे काय, तर स्क्रीनचा जो भाग उजळलेला नाही तो. आता त्या भागावर खोलीतला उजेड पडून परत आपल्याकडे आला, की काळ्याचा होतो राखाडी. म्हणून मालिकेतला रात्रीचा प्रसंग दुपारी बघताना नुसते आवाज ऐकू येतात, कोण कोणाला विष देतंय ते कळतच नाही! यावर इलाज दोनच. एक तर खोलीतला उजेड स्क्रीनवर कमी पडू द्यायचा, नाही तर त्या उजेडाला पुरून उरेल असा उजळ टीव्ही घ्यायचा. स्क्रीन आणखी मोठी घेऊन यातलं काहीच होत नाही. आरसाच तेवढा मोठा होतो.

आरशावरून आठवलं. आमच्याकडे सर्वांत उपयोगी पडली ती घरातल्या आरशाचीच युक्ती, आणि तिला पैसा लागत नाही. दुपारी तीनच्या सुमाराला जिथे टीव्ही लावायचा त्या भिंतीवर, त्याच उंचीवर कोणाला तरी आरसा धरायला लावा आणि आपण आपल्या नेहमीच्या जागी बसा. आरशात दार, खिडकी किंवा ट्यूबलाइट दिसली, तर ती टीव्हीतही दिसणार. आम्ही तीन भिंतींवर आरसा फिरवला. दारासमोरच्या भिंतीवर दिसला रस्ता आणि समोरच्यांची मोटारसायकल. खिडक्यांच्या मधल्या भिंतीवर आरशात काही आलं नाही, पण दोन्ही बाजूंनी डोळ्यांवर उजेड. तिथे लावला असता तर डोळे दिपून स्क्रीन अंधारी वाटली असती. खिडकी बाजूला येते अशी तिसरी भिंत होती, तिथे आरसा जवळजवळ कोरा. जागा ठरली. मुलाला ती पसंत नव्हती, कारण दारातून टीव्ही दिसत नाही. न दिसेना, आपण काय दारात उभं राहून बघणार आहोत?

मग मापाचं. इंच म्हणजे स्क्रीनची तिरकी लांबी, हे लक्षात ठेवा. ५५ इंची टीव्हीची स्क्रीन साधारण चार फूट रुंद आणि सव्वादोन फूट उंच. ६५ इंची म्हणजे पावणेपाच फूट रुंद. जुनी वर्तमानपत्रं चिकटवून तेवढा कागद भिंतीवर लावून बघा, डोळ्यांना लगेच कळतं. किती लांबून बघायचं त्याचा ढोबळ हिशोब असा, की टीव्हीचे इंच गुणिले दीड. म्हणजे ५५ इंचीसाठी सुमारे सात फूट, ६५ साठी आठ. आमचा दिवाण भिंतीपासून नऊ फुटांवर आहे, तेव्हा ६५ इंची बसला असता. मुलाचं म्हणणं खोटं नव्हतं हो. प्रश्न एवढाच होता, की ठरलेल्या पैशात मोठा पण मंद टीव्ही घ्यायचा, की थोडा लहान पण उजळ?

'उजळ' हे मोजता येतं. त्याचं माप आहे निट. एका चौरस मीटरला एक कँडेला, म्हणजे साधारण एका मेणबत्तीइतका उजेड. साधे एलईडी टीव्ही २५० ते ३५० निटच्या आसपास असतात. पडदे ओढलेल्या खोलीत किंवा रात्री तेवढं भरपूर झालं. उघड्या दाराच्या हॉलला ५०० च्या वर असला तर बरं, आणि त्याहून जास्त मिळाला तर उत्तमच. काही ठिकाणी १०००, १५०० असे मोठे आकडे छापलेले असतात. तो कमाल आकडा असतो, स्क्रीनच्या छोट्याशा भागापुरता आणि थोड्या वेळापुरता. म्हणून दुकानदाराला सरळ विचारावं, 'नेहमीचा ब्राइटनेस किती निट?' आम्ही गेलो त्या एका दुकानात हा प्रश्न विचारल्यावर विक्रेता ह्यांच्याकडे बघूनच उत्तर देत राहिला. 'साहेब, हा फोर के आहे.' अरे बाबा, मी उजेडाचं विचारतेय! फोर के म्हणजे चित्रात ठिपके किती. त्याचा नि उजेडाचा संबंध नाही.

नावांचा गोंधळही एकदा निस्तरून टाकू. एलईडी टीव्ही म्हणजे मागे दिवे आणि पुढे एलसीडीची काच. क्यूएलईडी हाही तोच प्रकार, फक्त रंग जास्त खुलवणारा एक थर त्यात असतो. मिनी एलईडीमध्ये मागचे दिवे बारीक आणि खूप जास्त असतात, ते भागाभागाने मंद-प्रखर करता येतात. त्यामुळे उजेडही भरपूर आणि काळा रंगही बरा. ओएलईडीचं तंत्रच वेगळं, त्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. अंधाऱ्या खोलीत त्याच्यासारखं चित्र नाही. पण त्यातले बरेचसे टीव्ही पूर्ण स्क्रीन पांढरी झाली की उजेडात मागे पडतात. शिवाय तासन् तास एकच चित्र राहिलं तर त्याचा डाग कायमचा उमटण्याची भीती. आपल्याकडे सकाळपासून बातम्यांचं चॅनेल लावलेलं, खाली पट्टी पळतेय, कोपऱ्यात चिन्ह तसंच. अशा घराला ओएलईडी नको असं माझं मत.

दुकानात जायचं ते शक्यतो दुपारीच. आणि गेल्यावर एक गोष्ट करा, चालू टीव्ही बंद करायला सांगा. विक्रेता आधी चमकतो. बंद टीव्हीच्या काळ्या स्क्रीनमध्ये तुमचा चेहरा, मागची ट्यूबलाइट किती स्पष्ट दिसते ते बघा. चकचकीत स्क्रीन आरशासारखी लख्ख दाखवते. मॅट असेल तर तोच उजेड पसरट, धूसर दिसतो. त्यात काळा रंग किंचित दुधाळ होतो खरा, पण समोरचं दार तरी दिसत नाही. माझ्या सासूबाई बरोबर होत्या. त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून त्यांना चकाकी अजिबात सोसत नाही. त्या एका बंद टीव्हीपुढे उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, 'यामा ते मीच दिसस माय!' सगळं दुकान हसलं. पण मुलाच्या मनातला तो ६५ इंची तिथेच बाद झाला.

मग टीव्ही पुन्हा चालू करायला सांगून बाजूला सरका. घरात सगळे काही समोर बसत नाहीत. कोणी खाली चटईवर, कोणी स्वयंपाकघराच्या दारात उभं, हात पिठाचे. काही स्क्रीन समोरून ठसठशीत दिसतात आणि बाजूने रंग फिके पडतात. काहींचे रंग बाजूनेही टिकतात, पण त्यांचा काळा थोडा कमी गडद असतो. आपली बसायची पद्धत बघून ठरवायचं. मी मुद्दाम कडेला जाऊन उभी राहिले, कारण निम्मी मालिका मी तशीच बघते.

शेवटी घेतला ५५ इंची मिनी एलईडी, साधारण साध्या ६५ इंचीच्याच पैशात. मुलगा दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने मित्रांना बोलावून मॅच लावली, दार सताड उघडं ठेवून.

तुमच्याकडे टीव्ही आधीच असेल आणि दुपारी दिसत नसेल, तर लगेच नवा घ्यायला धावू नका. जाड सुती पडदा किंवा बांबूची चिक एका खिडकीला लावून बघा. टीव्हीसमोरची ट्यूबलाइट बाजूच्या भिंतीवर हलवा. भिंतीवरचा हँगर हलता असेल तर टीव्ही थोडा तिरपा करा. पूर्वीच्या कोपऱ्यातल्या टीव्हीसारखा! सेटिंगमध्येही एक गंमत असते. दुकानात टीव्ही 'स्टोअर' किंवा 'डेमो' प्रकारावर लावलेला असतो, सगळे दिवे पूर्ण पेटवून. घरी 'होम' निवडलं की वीज वाचवायची सोय आपोआप चालू होते आणि चित्र मंद होतं. दुपारपुरती ती बंद करून मागच्या दिव्याचा म्हणजे बॅकलाइटचा आकडा वाढवावा, रात्री पुन्हा कमी करावा. बिलाची फार धास्ती नको. ५५ इंचीला सुमारे १२० वॉट धरले तर रोज चार तासांना अर्धं युनिट होतं. कुलरला त्याहून जास्त लागते.

कुलरचा विषय निघालाच आहे, तर आवाजाचंही सांगते. पातळ टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली तोंड करून असतात आणि उन्हाळ्यात कुलरच्या घरघरीत संवाद विरून जातात. दुकानात आवाज ऐकताना पंखा लावायला सांगा.

आणि भिंत बघा. दुपारभर बाहेरून तापणारी पश्चिमेची भिंत टाळलेली बरी. बऱ्याच कंपन्यांच्या माहितीपुस्तकात टीव्ही ४० अंशांपर्यंतच्या हवेत वापरा असं लिहिलेलं असतं, आणि आपल्या जळगाव जिल्ह्यातला उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे. थेट ऊन तर स्क्रीनवर कधीच नको. जुन्या मातीच्या भिंतीत हँगरचे स्क्रू धरत नाहीत, तिथे सरळ टेबलावर ठेवावा. प्लगला अर्थिंग आहे ना, हे वायरमनकडून आधीच तपासून घ्यावं. पुसायला कोरडं, मऊ मायक्रोफायबर कापड घ्या. काच पुसायचा फवारा किंवा साबणाचं पाणी नको, स्क्रीनवरचा चकाकी मारणारा थर त्याने जातो. दिवाळीच्या साफसफाईत हे मुलींना, कामवाल्या मावशींना आधीच सांगून ठेवा.

दुरुस्तीला माणूस पाचोऱ्यात येतो, की टीव्ही जळगावला न्यावा लागतो, हे पैसे देण्याआधी विचारा आणि बिलावर लिहून घ्या. खोकं मात्र महिनाभर माळ्यावर जपून ठेवा. बदलून घ्यायची वेळ आलीच, तर पहिल्यांदा तेच मागतात.